कुत्र्यासकट किरायाने घर पाहिजे, नागपूर, बजेट १२ हजार (मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगर, तिकडे कुठेही)

भुऱ्याचीआई | ३ एप्रिल, रात्री ११.१०

नमस्कार, दोन वर्षांपासून नुसती वाचते इथे, आज पहिल्यांदा लिहून राहिली कारण आता काही सुचेनासं झालंय. आम्ही दोघं आणि आमचा भुऱ्या. नवऱ्याची नोकरी बुटीबोरीला, माझी मिहानमध्ये, म्हणून वर्धा रोडच्या आसपासच घर पाहिजे. सध्या सोमलवाड्यात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो, चार वर्षं झाली, पण मालकांनी जागा बिल्डरला दिली, तिथे फ्लॅटची स्कीम (इमारत) होणार, ३० एप्रिलला खाली करून द्यायचंय. मालकांची चूक नाही, त्यांनी तीन महिने आधी सांगितलं होतं. आम्हालाच वाटलं होतं की भेटून जाईल.

भुऱ्या गावठी आहे, पाच वर्षांचा, १५ किलो, नसबंदी झालेली, लसी सगळ्या वेळेवर. बुटीबोरीच्या रोडवर पावसात सापडला तेव्हा नवऱ्याच्या हेल्मेटमध्ये बसून घरी आला होता. भुंकतो, नाही म्हणत नाही, पण बेल वाजली तरच.

आतापर्यंत १७ घरं झाली. फोनवर सगळं जमते, माणसं किती, नोकरी कुठे, व्हेज का नॉनव्हेज, आणि मग मी म्हणते की एक कुत्रा आहे, की पलीकडे शांत. "घरी विचारून सांगतो." १७ पैकी नऊ जणांचं ते विचारणं अजून चालूच आहे. एका ठिकाणी तर पाच हजार टोकन देऊन आलो, दलालाने मालकाला कुत्र्याचं सांगितलंच नव्हतं, सामान न्यायच्या चार दिवस आधी मालकीणबाईंचा फोन आला आणि सगळं बोंबललं. टोकन अर्धंच परत आलं. अ‍ॅपवर पेट फ्रेंडली टाकून पाहिलं तर मला जे दिसले ते सगळे २५ हजारच्या वरचे टॉवर, आमच्या आवाक्यातलं एकही नाही.

सासूबाई म्हणतात गावी आणून सोड, शेतात राहील. तो जन्मात शेतात राहिला नाही, पलंगाच्या खाली झोपतो. त्याला सोडायचं नाही एवढं ठरलंय, बाकी काहीही सांगा. घर जुनं चालेल, रंग उडालेला चालेल.

तर्रीपोहे | ३ एप्रिल, रात्री ११.४८

ताई, अ‍ॅप बंद कर आणि गाडीवरूनही उतर, पायी फिर. मी दोन कुत्रे घेऊन या शहरात चार घरं बदलली आहेत, एकही घर दलालाकडून भेटलं नाही. फ्लॅट स्कीमच्या मागे लागू नको, तिथे एक मालक हो म्हणाला तरी बाकीचे दहा दार वाजवतात. आपल्याकडे लेआउटमध्ये स्वतंत्र घरं किती आहेत, खाली मालक, वरती दोन खोल्या-किचन, जिना बाहेरून. तुला तेच पाहिजे. बेसा, बेलतरोडी, मनीषनगरच्या मागचा भाग, नरेंद्रनगर, मानेवाडा, हुडकेश्वरपर्यंत जा. यातली कितीतरी घरं अ‍ॅपवर येतच नाहीत, गेटला पाटी असते "किरायाने देणे आहे" आणि खाली नंबर, बस.

आणि एक खूण सांगतो, ज्या गेटवर "कुत्र्यापासून सावधान" लिहिलंय तिथे आधी विचार. कुठे गेटबाहेर सिमेंटचं टाकं किंवा मातीचं भांडं पाणी भरून ठेवलेलं दिसलं तर तिथेही थांब. त्या घरात खोली खाली नसेल तरी त्यांना गल्लीतली सगळी माहिती असते. इस्त्रीवाला आणि किराणा दुकान हे दोघं पण सोडू नको, कोण घर खाली करून राहिलं हे त्यांना मालकाच्या आधी माहीत असते.

नंदनवनचा_घरमालक | ४ एप्रिल, सकाळी ७.२०

मी पलीकडच्या बाजूने बोलतो, ताईंनी वाईट वाटून घेऊ नये. माझं नंदनवनमध्ये घर आहे, वरचा मजला १२ वर्षांपासून किरायाने देतो, कुत्रा असला तर देत नाही, त्याचं कारण सांगतो.

एक मुलगा होता, चांगल्या नोकरीतला, जर्मन शेफर्ड आणला. दिवसभर मुलगा ऑफिसात आणि कुत्रा गच्चीवर बांधलेला. मे महिना. माझी बायको दुपारी दोनदा पाणी घेऊन जायची, पायऱ्या चढून, गुडघ्याचा त्रास असताना. पावसाळ्यात भिंतीवर गोचीड दिसायला लागले. आधी वाटलं तीळ सांडले, मग ते तीळ चालायला लागले. खिडकीच्या चौकटीच्या फटीत, पंख्याच्या बटणाच्या मागे, खाली आमच्या देवघरापर्यंत. तीनदा फवारणी करावी लागली. मुलगा घर सोडून गेला, डिपॉझिटमधून कापतो म्हटलं तर भांडला.

म्हणजे माझा राग कुत्र्यावर नाही. तो बिचारा जीव तर उन्हात होता. पण दिवसभर घरी कोण असते, गोचीडाचं औषध कधी दिलं, हे मला आजवर एकाही किरायेदाराने आपणहून सांगितलं नाही. सगळे एकच म्हणतात, "काका, काहीच त्रास देत नाही." एखाद्याने लसीचं पुस्तक समोर ठेवलं असतं आणि म्हटलं असतं की एक महिन्याचं डिपॉझिट जास्त घ्या, जाताना फवारणी आमच्या खर्चाने, तर मी बसून ऐकलं असतं.

भुऱ्याचीआई | ४ एप्रिल, सकाळी ९.०५

काका, वाईट नाही वाटलं, उलट एवढं खुलून कोणीच बोललं नव्हतं. खरं सांगते, मी पण हेच वाक्य म्हणते, "काहीच त्रास देत नाही." आज पुस्तक शोधून काढते. आमच्या दोघांच्या शिफ्ट वेगळ्या आहेत, तो दिवसात जास्तीत जास्त चार तास एकटा असतो, हे पण मी कोणाला सांगितलं नव्हतं.

कायदेकानू | ४ एप्रिल, दुपारी १.३०

थोडं कायद्याचं, कारण या विषयात दोन्ही बाजूने चुकीचं सांगितलं जाते. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार सोसायटीला किंवा अपार्टमेंटच्या संघटनेला ठराव करून पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने केला तरी नाही. कुत्रा भुंकतो म्हणून काढायला लावता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. बदल्यात पाळणाऱ्यांनी पट्टा लावावा, लस द्यावी, घाण स्वतः उचलावी अशी अपेक्षा त्यातच लिहिली आहे. आपल्या नागपुरात बऱ्याच स्कीम सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत, तिथले लोक म्हणतात आम्ही सोसायटीच नाही, पण त्या सूचना अशा संघटनांनाही उद्देशून आहेत.

आता जे लोक विसरतात ते. हे सगळं संघटनेविरुद्ध आहे. घरमालकाने स्वतःच्या घरात कुत्र्यासह किरायेदार नको म्हटलं तर त्याला भाग पाडता येत नाही, आणि करारात "पाळीव प्राणी ठेवणार नाही" असं लिहून तुम्ही सही केली असेल तर तुम्हीच बांधले गेलात. म्हणून ताई, तुमचा उपयोगाचा कागद म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदवला नसेल आणि वाद झाला तर किरायेदार अटी सांगतो त्या खऱ्या धरल्या जातात, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. हे शांतपणे मालकांना सांगा, बहुतेकांना माहीत नसते. खर्च पण फार नाही, स्टॅम्प ड्युटी एकूण किरायाच्या पाव टक्का (डिपॉझिटवर धरलेलं व्याज मिळवून), म्हणजे तुमच्या बजेटला ११ महिन्यांचे तीन-चारशे रुपये, आणि नोंदणी फी महापालिका हद्दीत १०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन होते.

आणखी एक, स्कीममधल्या नोटिशीत रस्त्यावरच्या कुत्र्यांचं आणि घरच्या कुत्र्यांचं सगळं एकत्र करून लिहिलेलं असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठाने रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना दत्तक घ्यावं असं म्हटलं होतं, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्या भागाला स्थगिती दिली. त्याचा तुमच्या पट्ट्यातल्या, लस दिलेल्या कुत्र्याशी संबंध नाही. कोणी ती कात्रणं दाखवली तर घाबरू नका.

बेधडक_बाबू | ४ एप्रिल, दुपारी ३.१२

एवढं सगळं करण्यापेक्षा सांगूच नका ना. आधी सामान टाका, पंधरा दिवसांनी कुत्रा आणा, विचारलं तर म्हणा भावाचा आहे, सुट्ट्यांसाठी आलाय. सगळे असंच करतात.

मनीम्याऊ | ४ एप्रिल, दुपारी ४.००

बाबूभाऊ, हे मी केलंय म्हणून सांगते, करू नका. माझी तर मांजर होती, आवाज नाही की फिरवणं नाही, तरी पाच महिने मी चोरासारखी राहिली. मालक किराया घ्यायला येणार म्हटलं की तिला टोपलीत घालून बाथरूममध्ये ठेवायची आणि नळ सोडून ठेवायची, म्हणजे ओरडली तर ऐकू नको जायला. एकदा ते चहाला थांबले. पाऊण तास. मी बाथरूमचं दार उघडलं तर ती बादलीच्या मागे भिंतीला चिकटून बसली होती, अंग ओलं, थरथरत होती, आणि मी हात पुढे केला तर मला फिसकारली. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्याच रात्री मालकांना फोन करून खरं सांगितलं. महिन्याची मुदत देऊन घर खाली करायला लावलं त्यांनी, आणि त्यात ते चूक नव्हते.

आता मानेवाड्यात दुसऱ्या मजल्यावर आहे, १० हजार, मालकीणबाईंना पहिल्याच फोनला सांगितलं होतं. बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी स्वतःच्या पैशाने बसवली, जाताना इथेच सोडून जाईन म्हटलं, त्यांना ते फार आवडलं कारण कबुतरांचा त्रास पण गेला. मांजरवाल्यांनी जाळीचं बोलणं आधी काढा.

डॉ_काटोलरोड | ४ एप्रिल, रात्री ९.४०

मी जनावरांची डॉक्टर आहे. नंदनवनच्या काकांनी गोचीडाचं सांगितलं ते अगदी खरं, कुत्र्याच्या अंगावरचा गोचीड रक्त पिऊन झालं की खाली उतरतो आणि अंडी भिंतीच्या फटीत घालतो, म्हणून नुसता कुत्रा धुवून काही होत नाही. मानेवर टाकायचं औषध किंवा गोळी, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, न चुकवता. ताई, घर पाहायला जाताना लसीचं पुस्तक न्या, त्यात रेबीजची तारीख एक वर्षाच्या आतली पाहिजे, आणि गोचीडाच्या औषधाची नोंद पण डॉक्टरांकडून लिहून घ्या. खाजगी परवडत नसेल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय कॉलेजचा दवाखाना आहे, १९५८ पासूनचं कॉलेज आहे, तिथे कमी खर्चात तपासून देतात. सकाळी लवकर जा, गर्दी असते.

आणि कृपा करून सगळ्यात वरचा, गच्चीखालचा मजला घेताना दहा वेळा विचार करा. स्वस्त असतो तो त्याच कारणाने. आपल्या नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, दरवर्षी ४५ तर धरूनच चालायचं. रात्री अकरालाही स्लॅब तापलेला असतो. माणूस अंगाला ओला टॉवेल गुंडाळतो, कुत्रा काय करेल, त्याला घाम पायाच्या तळव्यांनाच येतो, बाकी सगळं धापा टाकूनच. दरवर्षी नवतपात, म्हणजे मेच्या शेवटच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, माझ्याकडे असे कुत्रे येतात, हिरड्या लालभडक, तोंडातून चिकट लाळ, उभं राहता येत नाही, आणि सगळे वाचत नाहीत. घर पाहायला दुपारी तीनला जा, सकाळी नाही. भिंतीला हात लावून पाहा. कूलरसाठी खिडकी आहे का, बाहेर स्टँडला जागा आहे का, आणि मे महिन्यात कूलरला पाणी कुठून येणार हे पण विचारा, कारण डेझर्ट कूलर दिवसाला किती पाणी पितो हे आपल्याला माहीत आहे.

तर्रीपोहे | ४ एप्रिल, रात्री १०.१५

डॉक्टर मॅडमचं पाण्याचं फार महत्त्वाचं. बाहेरच्या काही लेआउटमध्ये बोअरवर काम चालते आणि मे मध्ये बोअर आटला की टँकर. किराया हजाराने कमी असतो तो तिथे जातो. मालकाला विचारू नको, बाजूच्या बाईला विचार.

भुऱ्याचीआई | ११ एप्रिल, रात्री १०.३०

अपडेट देते. रोज ऑफिस सुटल्यावर दोन तास पायी फिरून राहिलो. सात घरं अजून झाली. एक काका म्हणाले कुत्रा चालेल पण घरात अंडं-मटण शिजायला नको, ते शुद्ध शाकाहारी. मी सांगितलं की आम्ही नाही खात पण भुऱ्याला आठवड्यातून तीनदा चिकन शिजवते. ते म्हणाले मग नाही जमणार. हात जोडून निघालो, पण बरं वाटलं, कारण खोटं बोलून तिथे राहिलो असतो तर पहिल्याच रविवारी वासाने कळलं असतं.

दुसरं एक घर बेलतरोडीला, ९ हजार, मालक लगेच हो म्हणाले. दुपारी तीनला गेलो, वरचा मजला, भिंत हाताला चटका देत होती. नाही घेतलं. डॉक्टर मॅडम, थँक्यू, सकाळी गेलो असतो तर टोकन दिलं असतं.

आता फक्त १९ दिवस आहेत. रात्री झोप लागत नाही, भुऱ्याला काहीतरी कळते, पलंगाखालून बाहेर येऊन माझ्या बाजूने नाक लावून बसतो.

अजनीची_काकू | १२ एप्रिल, सकाळी ६.१५

बेटा, मी ६८ वर्षांची आहे, माझ्याकडे किरायेदार नाही पण चार कुत्रे होऊन गेले. एक सांगते, घर पाहायला जाताना कुत्र्याला बरोबर ने. फोनवर "कुत्रा" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मोठा, दात दाखवणारा येतो. आधी फिरवून, थकवून ने, गेटच्या बाहेरच बसव, आत शिरू देऊ नको. आणि गल्लीतली बाई बाहेर आली तर तिच्याशी आधी बोल, घर बाईच ठरवते.

भुऱ्याचीआई | १९ एप्रिल, रात्री ११.५५

भेटलं!!! हात थरथरून राहिले लिहिताना.

तर्रीपोहे भाऊ, तुमची खूण. नरेंद्रनगरला एका गेटवर "कुत्र्यापासून सावधान", अर्धी अक्षरं पुसलेली, टू-लेटची पाटी वगैरे काही नाही. बेल वाजवली, आजी बाहेर आल्या. म्हटलं आजी, आजूबाजूला घर आहे का किरायाने, आमच्याकडे कुत्रा आहे. त्या म्हणाल्या कुठे आहे कुत्रा? भुऱ्या गेटच्या बाहेर बसलेला, अजनीच्या काकूंनी सांगितलं तसाच, तासभर फिरवून आणलेला, जीभ बाहेर. आजींनी त्याच्याकडे पाहिलं, आत गेल्या, आणि एक पितळेचा गडवा आणि ॲल्युमिनियमची थाळी घेऊन आल्या. थाळीचा काठ एका बाजूने चेपलेला, दातांच्या खुणा होत्या त्यावर. त्यात पाणी ओतलं. भुऱ्या सगळं पाणी प्यायला आणि थाळी नाकाने ढकलत ढकलत त्यांच्या पायापर्यंत नेली, घरी अजून पाहिजे असलं की तो असंच करतो. त्या काही बोलल्या नाहीत, परत ओतलं. मग म्हणाल्या, आमचा शेरू पण असंच करायचा, दोन वर्षं झाली जाऊन, पाटी काढवत नाही.

मागच्या बाजूला दोन खोल्या-किचन, तळमजला, आंगणात कडुनिंब, समोरच्या खोलीला कूलरचा स्टँड आधीपासून आहे. मुलगा पुण्याला असतो, खोल्या किरायाने द्यायच्या का नाही हे त्यांचं ठरतच नव्हतं. मी पुस्तक काढलं, रेबीजची तारीख दाखवली, गोचीडाच्या औषधाची नोंद दाखवली, चिकन शिजवतो ते पण सांगितलं, दिवसात किती तास एकटा असतो ते पण. त्यांनी मुलाला फोन लावून स्पीकरवर ठेवला, त्याला पण सगळं परत सांगितलं. किराया ११ हजार, डिपॉझिट दोन महिन्यांचं, आणि नंदनवनचे काका म्हणाले तसं मीच म्हटलं की अजून एक महिन्याचं घ्या. मुलगा म्हणाला नको, पण जाताना फवारणी तुमची. कबूल.

कायदेकानू | २० एप्रिल, सकाळी ८.४०

मनापासून अभिनंदन. आता आनंदात करार विसरू नका. आजी चांगल्या आहेत पण उद्या मुलाचं मत बदललं तर तोंडी शब्दाला काही अर्थ राहत नाही. करारात प्राण्याचं एक वाक्य टाकाच, आणि घर कोणाच्या नावावर आहे ते पाहून त्यांचीच सही घ्या.

भुऱ्याचीआई | २३ एप्रिल, रात्री ९.२०

करार झाला, नोंदणी पण, घर आजींच्याच नावावर आहे. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी वाक्य लिहून देते, आम्ही असं टाकलं: "परवानाधारकांकडे एक पाळीव कुत्रा (गावठी, नर, नसबंदी केलेला, नाव भुऱ्या) आहे हे मालकांना माहीत असून त्यास त्यांची संमती आहे. त्याचे लसीकरण व गोचीड प्रतिबंधक उपचार परवानाधारक करतील, त्याच्यामुळे झालेले नुकसान भरून देतील व घर सोडताना स्वखर्चाने फवारणी करून देतील." एजंट म्हणाला नाव कशाला टाकता, मी म्हटलं टाकाच, कारण उद्या कोणी म्हणायला नको की एक म्हटला होता, हा दुसराच आहे.

नंदनवनचे काका, एक विनंती. पुढच्या वेळी कोणी पुस्तक घेऊन आलं तर पाहाल का?

नंदनवनचा_घरमालक | २४ एप्रिल, सकाळी ७.०५

पाहीन. बायकोला तुमचं थाळीचं वाचून दाखवलं, ती म्हणाली आपण त्या मुलाला हाकललं पण त्या शेफर्डचं पुढे काय झालं हे कधी विचारलं नाही. जूनमध्ये आमचा वरचा मजला खाली होतो आहे. गच्चीखालचाच आहे, म्हणून डॉक्टर मॅडमनी सांगितलं ते लक्षात घेऊन आधी स्लॅबवर पांढरा रंग मारून घेतो. किराया १० हजार. कोणाकडे कुत्रा असेल आणि दिवसा घरी कोणी राहत असेल तर इथेच लिहा.

लॅब_आणि_आम्ही | २४ एप्रिल, सकाळी ७.३१

काका, आम्ही. लॅब आहे, सात वर्षांची, माझी आई दिवसभर घरीच असते. गेल्या दोन महिन्यांत २२ घरं झाली आमची. रविवारी दुपारी तीन वाजता पुस्तक घेऊन येऊ का?

नंदनवनचा_घरमालक | २४ एप्रिल, सकाळी ७.४४

या. कुत्रीला पण आणा.